ज्यूरी शेजारचीच का? इंग्लिश कायद्यातील एका जुन्या नियमाचा प्रवास

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : इंग्लंडमध्ये ज्या भागात गुन्हा घडला किंवा तंटा उभा राहिला, त्याच भागातील माणसांची ज्यूरी बोलावण्याचा नियम का होता, ती प्रत्यक्षात कशी बोलावली जात असे, आणि हा नियम आज उरला आहे काय? मी दिवाणी वकिली करतो आणि विधी महाविद्यालयात इंग्लिश कायद्याचा इतिहास शिकवतो. हा प्रश्न दरवर्षी वर्गात निघतो आणि दरवर्षी पहिले उत्तर तेच येते : आरोपीला आपल्या माणसांकडून न्याय मिळावा म्हणून. उत्तर ऐकायला छान असले तरी निदान पहिल्या तीन-चारशे वर्षांपुरते ते चूक आहे. शेजाऱ्याला बोलावले जाई ते त्याला खरी हकिगत ठाऊक असते म्हणून. तो निःपक्षपाती असतो अशी तेव्हा कोणाची समजूत नव्हती. त्याच्याकडे माहिती असते एवढीच समजूत होती.

ही पद्धत मुळात न्यायदानाची नव्हतीच. ते राजाचे चौकशीचे साधन होते. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर वीस वर्षांनी, १०८६ मध्ये, विल्यम राजाने देशभरच्या जमिनींची जी मोजदाद करवली, तीत राजाच्या अधिकाऱ्यांनी प्रत्येक हंड्रेडमधील माणसांना शपथ घालून विचारले की कोणती जमीन कोणाकडे आहे, पूर्वी कोणाकडे होती आणि तिचे मोल काय. हंड्रेड म्हणजे काउंटीचा, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याचा, पोटविभाग. आपल्या तालुक्याच्या जागी तो ठेवला तर समजायला सोपे जाते. गावच्या जमिनीची खडान्खडा माहिती गावकऱ्यांनाच असणार, तेव्हा त्यांना शपथेवर बोलते करावे, असा हा सरळ महसुली विचार होता.

दुसऱ्या हेन्रीने हे साधन न्यायालयात आणले. ११६६ च्या क्लॅरेंडनच्या फर्मानाने प्रत्येक हंड्रेडमधून बारा आणि प्रत्येक गावातून चार भल्या माणसांनी शपथेवर सांगायचे होते की आपल्या भागात दरोडा, खून, चोरी यांबद्दल कोणाकडे बोट दाखवले जाते. ही आरोप करणारी ज्यूरी होती. त्याच सुमारास जमिनीवरून बेकायदा हुसकावलेल्या माणसासाठी जे रिट निघू लागले, ते मी वर्गात मुद्दाम वाचून दाखवतो. त्यात राजा शेरीफला, म्हणजे काउंटीतील आपल्या अधिकाऱ्याला, सांगतो की शेजारच्या बारा स्वतंत्र आणि कायदेशीर माणसांना ती जमीन बघायला लाव, त्यांची नावे लिहून घे, आणि न्यायाधीश येतील तेव्हा त्यांना हजर राहण्याचे समन्स दे. म्हणजे हे बारा जण न्यायालयात येण्याआधी त्या शेताच्या बांधावर उभे राहून आलेले असत. कोणी पेरले, कोणी कापले, कुंपण कोणी उपटले हे त्यांनी वर्षानुवर्षे पाहिलेले असे. न्यायालयात त्यांनी फक्त ते सांगायचे.

जमिनीच्या मालकीच्या मोठ्या दाव्यांत ११७९ पासून चार सरदारांनी शेजारचे बारा सरदार निवडण्याची सोय झाली. तेथे एखाद्याने शपथेवर सांगितले की मला यातले काही ठाऊक नाही, तर त्याला वगळून माहितगार माणूस घेतला जाई, आणि एका बाजूने बोलणारे बारा भरेपर्यंत ही भरती चाले. आजच्या ज्यूरीच्या अगदी उलट हा प्रकार आहे : आज माहिती असणारा घरी जातो, तेव्हा माहिती नसणारा जात असे.

फौजदारी खटल्यांत निकाल देणारी ज्यूरी जरा उशिरा आली. ती आली म्हणण्यापेक्षा रिकाम्या जागेत शिरली. तोवर आरोपीचा निकाल दिव्याने लागत असे, म्हणजे तापल्या लोखंडाने किंवा पाण्याने. १२१५ मध्ये लॅटरनच्या धर्मसभेने पाद्र्यांना दिव्याच्या विधीत भाग घेण्यास मनाई केली. १२१९ मध्ये राजाच्या मंडळाने फिरत्या न्यायाधीशांना पाठवलेल्या आज्ञेत संशयितांना कैदेत ठेवावे, देशाबाहेर घालवावे किंवा जामीन घ्यावा इतकेच होते. निकाल कसा लावावा हे नव्हते. न्यायाधीशांनी मग हाताशी असलेल्या शेजाऱ्यांनाच विचारायला सुरुवात केली : हा दोषी आहे काय? बऱ्याचदा आरोप ठेवणारे आणि निकाल देणारे तेच असत. १३५२ च्या कायद्याने आरोपीला असा आक्षेप घेता आला की ज्याने माझ्यावर आरोप ठेवला त्याने निकालाला बसू नये. मात्र आरोपीने 'देशावर', म्हणजे शेजाऱ्यांच्या निकालावर, सोपवण्यास संमती द्यावी लागे. ती न देणाऱ्यासाठी १२७५ च्या कायद्याने कडक कैद सांगितली, आणि पुढे तिचे रूप अंगावर वजने ठेवून चिरडण्यापर्यंत गेले.

आता प्रत्यक्ष बोलावण्याकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे. दिवाणी दाव्यात दोन्ही बाजूंच्या कैफियती होऊन वस्तुस्थितीचा एखादा मुद्दा विवाद्य ठरला की वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे राजाच्या मध्यवर्ती, न्यायालयातून त्या काउंटीच्या शेरीफला 'वेनिरे फॅसियास' नावाचे रिट जाई. या लॅटिन शब्दांचा अर्थ 'येतील असे कर' एवढाच आहे. त्यात शेरीफला आज्ञा असे की अमुक गावाच्या शेजारचे बारा स्वतंत्र आणि कायदेशीर पुरुष हजर कर, ज्यांच्याकडून या बाबीतील सत्य अधिक चांगले कळू शकेल, आणि ज्यांचे वादी वा प्रतिवादी कोणाशीही नाते नाही. 'ज्यांच्याकडून सत्य अधिक चांगले कळू शकेल' हे शब्द लक्षात ठेवावेत. एकोणिसाव्या शतकापर्यंत ते रिटमध्ये टिकून होते, म्हणजे ज्यूरीला आधीपासून काही ठाऊक असणे हा दोष ठरून कितीतरी वर्षे लोटल्यावरही.

रिटमध्ये बारा लिहिले असले तरी शेरीफ चोवीस नावे पाठवी, कारण काही जण गैरहजर राहत आणि काहींवर आक्षेप येत. शेरीफ स्वतः गावोगाव फिरत नसे. त्याचे बेलिफ आणि हंड्रेडचे कारभारी समन्स बजावत, आणि तेथेच पैशाला वाट होती. १२८५ च्या वेस्टमिन्स्टरच्या दुसऱ्या कायद्याच्या ३८ व्या प्रकरणात याची जी तक्रार नोंदली आहे ती वाचताना तहसील कचेरीत उभे असल्याचा भास होतो : शेरीफ आणि बेलिफ आजारी, जख्ख म्हाताऱ्या आणि त्या भागात राहतही नसलेल्या माणसांना ज्यूरीवर घालतात, गरजेपेक्षा कितीतरी जास्त लोकांना समन्स काढतात, ते केवळ काहींकडून पैसे उकळून त्यांना सोडून देण्यासाठी, त्यामुळे श्रीमंत लाच देऊन घरी राहतात आणि निकाल गरिबांच्या गळ्यात पडतो. उपाय म्हणून एका ज्यूरीसाठी चोवीसपेक्षा जास्त माणसे बोलावू नयेत, सत्तरीपुढच्यांना आणि कायमच्या आजाऱ्यांना घेऊ नये, आणि ज्याचे जमिनीचे वार्षिक उत्पन्न किमान वीस शिलिंग आहे अशालाच घ्यावे, असे ठरले. पुढे ही मर्यादा चाळीस शिलिंगांवर गेली. जमिनीच्या अटीमागे प्रतिष्ठेचा विचार होताच, पण एक व्यवहारी कारणही होते : समन्सला न आलेल्या ज्युररच्या जमिनीवर शेरीफला टाच आणता येई, आणि ज्याच्याकडे जमीनच नाही त्याला हजर करायला धाक कसला दाखवणार?

याच कायद्याच्या ३० व्या प्रकरणाने आणखी एक सोय केली. दावा वेस्टमिन्स्टरला चालू, आणि ज्यूरी मात्र कॉर्नवॉल किंवा यॉर्कशरच्या एखाद्या खेड्याच्या शेजारची. बारा शेतकऱ्यांना घोड्यावरून लंडनला आणणे कोणालाच परवडणारे नव्हते. म्हणून रिटमध्ये शब्द घातले गेले की ज्यूरीने अमुक तारखेला वेस्टमिन्स्टरला यावे, 'तत्पूर्वी' राजाचे न्यायाधीश त्या काउंटीत आले नाहीत तर. न्यायाधीश तत्पूर्वी येतच, कारण तारीखच तशी धरलेली असे. कालांतराने याचे एक ठरीव नाटक झाले. पहिल्या रिटवर ज्यूरी वेस्टमिन्स्टरला येत नसे, आणि कोणी तिची वाटही पाहत नसे. न्यायालयाच्या दप्तरात 'ज्युररच्या अभावी तहकूब' अशी नोंद होई, मग त्यांना सक्तीने हजर करण्याचे दुसरे रिट निघे, त्यात 'तत्पूर्वी'चे कलम असे, आणि खटला निवांतपणे त्यांच्याच काउंटीच्या गावी चाले. आमच्या धंद्यातल्या तारखांवर हसणाऱ्यांनी हे जरूर वाचावे.

'शेजार' म्हणजे नेमके किती अंतर, हा प्रश्न यातून निघालाच. गाव हे मूळ मोजमाप. पण लहान गावात जमीन बाळगणारे आणि दोन्ही पक्षांशी नाते नसलेले बारा पुरुष मिळणार कुठून? म्हणून संपूर्ण ज्यूरी शेजारची नसली तरी निदान काही जण तरी त्या हंड्रेडचे असावेत, असा नियम झाला. नियमाची झीज कशी झाली ते येथे आकड्यांत दिसते. तिसऱ्या एडवर्डच्या काळी हंड्रेडचे सहा लागत, पंधराव्या शतकात चार. १५४३ च्या कायद्याने पुन्हा सहा केले, आणि एलिझाबेथच्या १५८५ च्या कायद्याने दिवाणी दाव्यांसाठी दोनच पुरे ठरवले. ॲन राणीच्या कारकिर्दीत, १७०५ मध्ये, सर्वसाधारण दिवाणी दाव्यांतून ही अटच गेली आणि ज्यूरी संपूर्ण काउंटीतून घेता येऊ लागली. कायद्याने ठरवलेला दंड वसूल करण्याच्या दाव्यांना ही सवलत १७५१ मध्ये मिळाली, आणि उरलीसुरली अट १८२५ च्या ज्यूरी कायद्याने पुसली. सहाचे चार, चाराचे सहा, मग दोन, मग शून्य. माझ्या मते या झिजेत तत्त्वज्ञान फारसे नव्हते. हंड्रेडचे पुरेसे लोक नाहीत हा आक्षेप म्हणजे हरणाऱ्या पक्षाच्या वकिलाला खटला लांबवायला सापडलेले आयते हत्यार होते, आणि संसद दर वेळी त्याची धार थोडी बोथट करत गेली.

तत्त्वाचा बदल त्याच काळात, पण वेगळ्या वाटेने झाला. साक्षीदारांचे महत्त्व वाढले. १५६३ च्या कायद्याने समन्स मिळालेल्या साक्षीदाराला येणे भाग पडले आणि खोट्या साक्षीला शिक्षा आली. न्यायालयात उघडपणे पुरावा येऊ लागल्यावर ज्युररने घरून आणलेल्या माहितीची गरज कमी झाली, आणि ती माहिती संशयास्पद वाटू लागली, कारण तिची उलटतपासणी करता येत नव्हती. तरीही जुनी समजूत किती चिवट होती हे १६७० च्या बुशेलच्या प्रकरणात दिसते. लंडनच्या ग्रेसचर्च स्ट्रीटवर प्रवचनासाठी बेकायदा जमाव जमवल्याबद्दल विल्यम पेन आणि विल्यम मीड यांच्यावर ओल्ड बेलीत, म्हणजे लंडनच्या फौजदारी न्यायालयात, खटला चालला. ज्यूरीला अन्नपाण्याविना कोंडून ठेवूनही ती दोषी म्हणेना. न्यायाधीशांनी प्रत्येक ज्युररला चाळीस मार्कांचा (मार्क हे तेव्हाचे पैशांच्या हिशेबाचे एकक) दंड केला, आणि त्यांतला एडवर्ड बुशेल दंड न भरता तुरुंगात गेला. त्याला सोडताना मुख्य न्यायाधीश व्हॉन यांनी जी कारणे दिली त्यांतले एक असे की ज्यूरी ही घटनेच्या शेजारची असते, त्यामुळे न्यायालयात काहीच पुरावा आला नाही तरी तिला स्वतःची माहिती असल्याचे कायदा गृहीत धरतो. मग जे तिला ठाऊक आहे आणि न्यायाधीशांना नाही, त्यावरून तिने निकाल दिला तर तिला शिक्षा कशी करणार? ज्यूरीच्या स्वातंत्र्याचा हा मानाचा निवाडा काही अंशी अशा गृहीतकावर उभा आहे जे तेव्हाच मोडकळीला आले होते. मला हे नेहमी विलक्षण वाटते. पुढे शंभर वर्षांनी, १७६८ मध्ये, इंग्लिश कायद्याचे भाष्यकार ब्लॅकस्टोन स्वच्छ लिहितात की अगदी जवळच्या शेजारातून आलेले ज्युरर आपले पूर्वग्रह आणि लागेबांधे निकालात मिसळतात, म्हणून काउंटीभरातून घेणेच बरे.

ज्यूरी शेजारची हवी, तर दाव्याला गाव हवे; आणि घटना परदेशात घडली असेल तर गाव आणायचे कुठून? वकिलांनी यावर जो तोडगा काढला त्याला मी निर्लज्ज म्हणेन, पण कौतुकाने. दाव्यात परदेशी ठिकाणाचे नाव लिहून पुढे 'म्हणजेच लंडनमध्ये, चीप वॉर्डातील सेंट मेरी-ल-बो पॅरिशमध्ये' असे जोडायचे, आणि प्रतिवादीला हे खोटे आहे असे म्हणण्याची मुभाच नसे. भूमध्य समुद्रातील मिनोर्का बेटाचे गव्हर्नर मॉस्टिन यांनी तेथील रहिवासी फॅब्रिगास याला कैद करून हद्दपार केले, तेव्हा तोही प्रकार कागदोपत्री सेंट मेरी-ल-बोच्या घंटांखालीच घडला. लंडनच्या ज्यूरीने फॅब्रिगासला तीन हजार पौंड दिले, आणि १७७४ मध्ये न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी ही कल्पित जागा न्यायाच्या सोयीसाठी आहे म्हणून ती मान्य केली. जमिनीच्या दाव्यांना मात्र ही पळवाट नव्हती. जमीन जेथे आहे तेथेच दावा.

फौजदारीत नियम अधिक कडक होता, कारण एका काउंटीच्या ज्यूरीला दुसऱ्या काउंटीत घडलेले कळणारच नाही असे धरले जाई. एका काउंटीत वार झाला आणि जखमी माणूस शेजारच्या काउंटीत जाऊन मेला, तर दोन्हीकडच्या ज्यूरी हात वर करत. हे १५४८ च्या कायद्याने थांबवले आणि मृत्यू झाला तेथील ज्यूरीला अधिकार दिला. १८२६ मध्ये हद्दीपासून पाचशे यार्डांच्या आत घडलेला गुन्हा दोहोंपैकी कोणत्याही काउंटीत चालवता येईल असे ठरले. आणि १८५६ मध्ये नियमाची मूळ कल्पनाच उलटी फिरली. स्टॅफर्डशरमधील रूजलीचा डॉक्टर विल्यम पामर याच्यावर विषप्रयोगाचा आरोप होता, आणि भागातल्या प्रत्येकाने आपले मत आधीच बनवले होते. त्यासाठी संसदेने खास कायदा करून असे खटले ओल्ड बेलीत आणण्याची सोय केली. सातशे वर्षांपूर्वी ज्या कारणासाठी शेजाऱ्याला बोलावले जाई, नेमक्या त्याच कारणासाठी आता त्याला टाळले गेले. पामर लंडनमध्ये दोषी ठरला. फाशी मात्र स्टॅफर्डला झाली.

समुद्रापलीकडे या नियमाला वेगळाच रंग चढला. १७६९ मध्ये ब्रिटिश संसदेने आठव्या हेन्रीच्या काळचा एक कायदा उकरून काढून अमेरिकी वसाहतींतील राजद्रोहाचे आरोपी इंग्लंडमध्ये आणून चालवण्याचा विचार मांडला, तेव्हा वसाहतवाल्यांनी शेजारच्या ज्यूरीचा हक्क सांगितला. १७७६ च्या अमेरिकी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात ही तक्रार आहे, आणि पुढे त्यांच्या राज्यघटनेच्या सहाव्या दुरुस्तीत गुन्हा घडला त्या राज्याच्या व जिल्ह्याच्या ज्यूरीची हमी आली. आज सर्वांच्या तोंडी असलेला 'आपल्या माणसांकडून न्याय' हा अर्थ मुख्यतः या भांडणातून वर आला.

आपल्याकडे याचा उलट अनुभव मुंबईत आला. लोकमान्य टिळकांवरील १८९७ आणि १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यांत वादाचा विषय 'केसरी'तील मराठी लेख होते, 'केसरी' पुण्यात छापला जाई, आणि नऊ जणांच्या ज्यूरीत युरोपीयांचे बहुमत होते. निकाल पहिल्यांदा सहा विरुद्ध तीन, दुसऱ्यांदा सात विरुद्ध दोन असा लागला. १९०८ मध्ये टिळकांचा बराचसा युक्तिवाद मराठी शब्दांच्या इंग्रजी भाषांतरांवरच होता. ज्यांच्याकडून सत्य अधिक चांगले कळेल अशी माणसे, ही त्या जुन्या रिटची अट लावली असती, तर निदान मराठी वाचता येणे ही पहिली पात्रता ठरली असती.

इंग्लंडमध्ये शेवटी बोलावण्याची रीतच बदलली. १७३० च्या कायद्याने प्रत्येक दाव्यासाठी वेगळी ज्यूरी आणण्याऐवजी संपूर्ण सत्रासाठी ४८ ते ७२ माणसांची एकच यादी करायला लावली. प्रत्येकाचे नाव, धंदा आणि राहण्याचे ठिकाण सारख्या आकाराच्या कागदाच्या किंवा चर्मपत्राच्या तुकड्यावर लिहून, सगळे तुकडे सारखेच गुंडाळून एका पेटीत किंवा काचेच्या भांड्यात टाकायचे, आणि खटला पुकारल्यावर कोणा त्रयस्थाने एकेक चिठ्ठी काढून बारा नावे उघडायची. कोणता ज्युरर कोणत्या खटल्याला बसणार हे शेरीफच्या हातून गेले ते या पेटीमुळे. १८५२ मध्ये दिवाणी दाव्यांतील वेनिरे फॅसियासचे रिट रद्द झाले. १९१९ च्या कायद्याने स्त्रियांना ज्यूरीची दारे उघडली, १९७२ च्या सुरुवातीला फिरत्या न्यायाधीशांची जुनी सत्रे संपली आणि समन्स काढण्याचे काम शेरीफकडून न्यायव्यवस्थेचा कारभार पाहणाऱ्या लॉर्ड चान्सलरकडे गेले. मालमत्तेची अट त्यानंतर दोन वर्षांनी सुटली; मतदारयादी हाच आधार झाला.

सध्याचा कायदा १९७४ चा आहे. त्यानुसार इंग्लंड आणि वेल्समधील कोणालाही कोठल्याही क्राउन कोर्टात, म्हणजे गंभीर फौजदारी खटल्यांच्या न्यायालयात, बोलावता येते. राहण्याच्या ठिकाणाचा उल्लेख त्यात एकदा येतो तो असा की समन्स काढताना ज्युररची सोय पाहावी, आणि शक्यतो रोज ये-जा करता येईल अशा अंतरावरची माणसे निवडावीत. २००० पासून ही निवड एका मध्यवर्ती कार्यालयात संगणकावर होते. 'शेजार' हा शब्द मात्र त्या कायद्याच्या सहाव्या कलमात अजून सापडतो : ज्यूरी अपुरी पडली तर न्यायालयात किंवा न्यायालयाच्या आसपास असलेल्या कोणालाही लेखी नोटिशीशिवाय तेथल्या तेथे बोलावून बसवता येते. हा अधिकार क्वचितच वापरला जातो, पण ज्या दिवशी वापरला जातो त्या दिवशी शेजार मोजला जातो तो न्यायालयाच्या दारापासून. गुन्हा कोठे घडला होता याचा त्याच्याशी काही संबंध नसतो.